तीन संस्था, एकच मूल: अर्ली इंटरव्हेन्शनच्या नोंदी जुळवायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्द भागात तीन संस्था अर्ली इंटरव्हेन्शनचं, म्हणजे लहान मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून मदत सुरू करण्याचं, काम करतात. एक अंगणवाड्यांमध्ये जाऊन मुलांच्या विकासाची तपासणी करते, दुसरीचं थेरपी सेंटर आहे, तिसरी बालवाडी चालवते. बरीचशी मुलं तिघींकडेही येतात, पण प्रत्येकीची एक्सेल शीट वेगळी आहे. आता देणगीदार तिघींची मिळून एकत्र आकडेवारी मागतोय. प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी अमेरिकेतल्या 'कॉमन एज्युकेशन डेटा स्टँडर्ड्स'बद्दल वाचलं आहे. ते आपल्याकडे चालेल का आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, असं त्या विचारतात.

मी विशेष शिक्षिका आहे. मुंबईत शून्य ते सहा वयाच्या मुलांसोबत काम करता करता वेगवेगळ्या संस्थांच्या नोंदी जुळवण्याचं काम माझ्याकडे आलं आणि आता मी मुख्यतः तेच करते. ताई, सॉफ्टवेअरचा विषय सध्या बाजूला ठेवा. तुमच्या तिन्ही शीटमध्ये रकाने जवळपास सारखेच असतील, त्यांचे अर्थ मात्र वेगळे असतील. उदाहरणार्थ 'नोंदणीची तारीख' घ्या. अंगणवाडीवाल्या संस्थेत ती मूल वस्तीत पहिल्यांदा दिसलं तो दिवस असते. थेरपी सेंटरमध्ये ती असेसमेंटचा दिवस असते, तर बालवाडीत जूनमधल्या प्रवेशाचा. या शीट एकाखाली एक चिकटवून 'शंका आल्यापासून थेरपी सुरू होईपर्यंत किती दिवस गेले' हे काढायला गेलात, तर काही मुलांचं उत्तर उणे येईल. भारीतलं सॉफ्टवेअर घेतलंत तरी ते हीच चुकीची वजाबाकी जास्त वेगाने करेल.

मानक म्हणजे काय, तर प्रत्येक रकान्याचं नाव, एका वाक्यात त्याचा अर्थ, त्यात भरता येतील अशी ठरलेली उत्तरं, आणि तो कोणी कधी भरायचा हे. अमेरिकेतलं मानक, ज्याला तिकडे 'सेड्स' म्हणतात, ते मुळात असंच आहे. त्याची पहिली आवृत्ती २०१० साली आली. ते वापरायची सक्ती नाही आणि त्यात कोणत्याही मुलाची माहिती साठवली जात नाही. तो व्याख्या आणि पर्यायांचा एक मोठा कोश आहे, बालशिक्षणापासून थेट नोकरीपर्यंतचा. त्यांना तो लागला, कारण तिकडेही मूल एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जातं. त्यांच्या आयडीईए, म्हणजे दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या, कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलांची सोय 'पार्ट सी'मध्ये आहे, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांची 'पार्ट बी'च्या ६१९व्या कलमात. अनेक राज्यांत पहिला भाग आरोग्य खातं बघतं आणि दुसरा शिक्षण खातं. रेफरल, म्हणजे मुलाला पुढे पाठवल्याची चिठ्ठी, आल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन होऊन कुटुंबासोबत योजनेची पहिली बैठक व्हावी लागते. तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी पुढच्या टप्प्यासाठी बैठक घ्यावी लागते. कायद्यातच दिवस मोजलेले असले, की 'रेफरलची तारीख' म्हणजे नेमकी कोणती, हे सगळ्यांना एकसारखं ठरवावंच लागतं.

तुम्ही तिथून पद्धत उचला, रकाने जसेच्या तसे उचलू नका. त्यांचे वंशाचे, शाळा-जिल्ह्यांचे, निधीचे रकाने आपल्या उपयोगाचे नाहीत. आपल्याला लागणारे काही रकाने तिकडे सापडणारही नाहीत.

आपल्याकडे मूल किती दारांतून जातं ते बघा. जन्म पालिकेच्या किंवा खासगी रुग्णालयात होतो. तिथल्या कागदावर नाव नसतं, आईच्या नावाने 'बेबी ऑफ' असं लिहिलेलं असतं. नंतर अंगणवाडीत नाव लागतं आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नोंद होते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे आरबीएसकेमध्ये, फिरत्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासावं अशी रचना आहे. शंका आली तर पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र किंवा मोठं रुग्णालय. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं की यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचा ओळख क्रमांक मिळतो. शाळेत गेल्यावर यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी नोंदणीत आणखी एक नोंद होते. प्रत्येक दारात आईला गर्भारपणापासूनची सगळी हकिकत पुन्हा सांगावी लागते. समान मानकाचा खरा फायदा तिला व्हायला हवा. देणगीदाराचा अहवाल त्यातून आपोआप निघतो.

आता सगळ्यात अवघड जागेवर येते, ती म्हणजे निदानाचा रकाना. बहुतेक संस्था तिथे '२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातले २१ प्रकार' अशी यादी लावतात. कायद्याला धरून असल्यामुळे ती बरोबर वाटते, पण लहान मुलांसाठी ती पुरत नाही. 'विकासात विलंब' हा त्या २१ प्रकारांपैकी नाही. आरबीएसके ज्या चार गटांतल्या अडचणी तपासतं त्यांत तो आहे आणि अंगणवाडी पातळीवर तुम्हाला सर्वांत जास्त तोच दिसणार आहे. अमेरिकेतही पार्ट सीमध्ये विकासातील विलंबावर मूल सेवेला पात्र ठरतं. त्यामुळे २१ प्रकारांची यादी लावली, की दोन वर्षांच्या मुलासमोर बसलेली कार्यकर्ती एक तर रकाना रिकामा सोडते, नाहीतर जवळचं वाटेल ते लेबल लावते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट, कारण ते लेबल पुढे प्रत्येक शीटमध्ये त्या मुलाच्या मागे जातं. प्रमाणपत्राच्या नियमांनाही ही अडचण ठाऊक होती. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक अक्षमतेबाबत एक ते पाच वर्षांच्या मुलाला 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले', म्हणजे विकासात सर्वांगीण विलंब, असं निदान द्यायचं आणि पाच वर्षांनंतर बौद्धिक अक्षमतेचं, असं ठेवलं होतं. म्हणजे त्याच मुलाचं लेबल वयानुसार बदलणार आहे, हे नियमातच गृहीत आहे.

म्हणून निदानाला एकच रकाना ठेवू नका. मूल काय करतं आणि कशात अडतं ते एका जागी लिहा: ऐकणं, पाहणं, हालचाल, हाताचं काम, समजणं, बोलणं किंवा खुणेने सांगणं, खाणं, इतरांशी वागणं. हे तुमच्या अंगणवाडीतल्या ताईही भरू शकतात. निदानाची दुसरी, वेगळी तक्ता-शीट करा. तिथे एका मुलाच्या अनेक ओळी असू शकतील, आणि प्रत्येक ओळीत निदान, तारीख, ते कोणत्या तज्ज्ञाने दिलं, आणि स्थिती येईल. स्थितीला चार पर्याय पुरतात: शंका, तात्पुरतं, पक्कं, रद्द. जुनी ओळ पुसायची नाही. 'रद्द' हा पर्याय असलाच पाहिजे. चुकून लागलेलं लेबल निघालं, हे कागदावर दिसण्याचा त्या मुलाला हक्क आहे.

दुसरी जागा वयाची. वय हा रकाना भरूच नका, जन्मतारीख भरा आणि वय शीटला काढू द्या. त्याच्या शेजारी गर्भाचे पूर्ण झालेले आठवडे हा रकाना हवाच. आपल्याकडे मुंबईत नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेली मुलं बरीच असतात, आणि हा रकाना नसला तर त्यांच्यावर अन्याय होतो. एखादं बाळ ३०व्या आठवड्यात जन्मलं, म्हणजे ४० आठवड्यांच्या हिशेबाने दहा आठवडे आधी. जन्मतारखेप्रमाणे ते आठ महिन्यांचं असेल तेव्हा त्याचं सुधारित वय साधारण पावणेसहा महिने असतं. आठ महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नाही हे काळजीचं वाटेल, पावणेसहा महिन्यांचं बसत नाही यात घाबरण्यासारखं काही नाही. साधारण दोन वर्षांपर्यंत असं सुधारित वय धरण्याची पद्धत आहे. तुमच्यापैकी एक संस्था ते धरते आणि दुसरी धरत नाही, असं असेल तर एकाच बाळाचे एकाच आठवड्यातले दोन निकाल वेगळे येतील, आणि आई कोणावर विश्वास ठेवणार? आठवड्यांचा आकडा कुठून मिळाला तेही लिहा: डिस्चार्ज कार्ड पाहिलं, की आईने सांगितलं, की माहीत नाही. भाड्याची खोली बदलताना किंवा पावसात कागद जातात, हे आपण सगळ्या जाणतो. 'माहीत नाही' हे उत्तर म्हणून स्वीकारा. अंदाजाने ४० भरण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक आहे.

आणि यातूनच रिकाम्या रकान्याचा प्रश्न येतो. माझ्या मते सगळ्या मानकात यावर सर्वांत आधी बोलायला हवं. 'श्रवणदोष' या रकान्यात रेघ मारलेली असते. तिचा अर्थ काय? तपासलं आणि ठीक निघालं? तपासलंच नाही? मूल रडत होतं म्हणून तपासणी अर्धवट राहिली? की आई नको म्हणाली? या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीनंतर पुढचं पाऊल वेगळं आहे. एकत्र आकडेवारी करताना या सगळ्या रेघा 'नाही' म्हणून मोजल्या जातात, आणि अहवालात वस्तीतली मुलं छान ऐकू येणारी ठरतात. श्रवणदोषाच्या बाबतीत यात गेलेला वेळ भरून निघत नाही. जन्मानंतर एक महिन्यात चाळणी (पहिली ढोबळ तपासणी), तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपाय सुरू, हा जगभर मानला जाणारा क्रम आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायचं ऐकण्याचं यंत्र, मिळवायचं, तर जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलासाठी पाच वर्षांची वयोमर्यादा सांभाळावी लागते. वांद्रे रेक्लमेशनला श्रवणदोषासाठी असलेल्या अली यावर जंग संस्थेत मूल साडेचार वर्षांचं होऊन पोहोचलं, तर कागदपत्रं आणि तपासण्यांनाच उरलेले महिने अपुरे पडतात. प्रत्येक तपासणीच्या रकान्याला 'तपासलं नाही', 'अर्धवट', 'ठीक', 'शंका' आणि 'पालकांची संमती नाही' हे पाचही पर्याय द्या, आणि रिकामी जागा शीटला स्वीकारूच देऊ नका.

रेफरलचं तसंच. तुमच्या शीटमध्ये 'रेफर केलं – होय' असं असेल. तेवढ्याने मुलाला काहीच मिळालेलं नसतं. गोवंडीहून हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्थेत जायचं म्हणजे कुर्ल्याला गाडी बदला, दादरला पुन्हा बदला, महालक्ष्मीला उतरा. कडेवर मान न धरणारं मूल, सोबत धाकटं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडालेली. म्हणून रेफरलच्या चार तारखा ठेवा: चिठ्ठी दिली, मूल तिथे पोहोचलं, तपासणी पूर्ण झाली, पहिली थेरपी झाली. न पोहोचल्यास कारणाचा रकाना ठेवा, पण त्यात 'पालक उदासीन' हा पर्याय ठेवू नका. असा पर्याय समोर असला की तोच भरला जातो आणि खरी कारणं दिसेनाशी होतात. प्रवासाचा खर्च, सोबतीला कोणी नाही, तारीख लांबची मिळाली, गावी गेले, घरातून विरोध, मूल आजारी, असे पर्याय ठेवा. यांतल्या प्रत्येकावर संस्थेला काहीतरी करता येतं.

चाचण्यांच्या गुणांबद्दल थोडक्यात सांगते. थेरपी सेंटर डासी ही विकासाची सविस्तर चाचणी वापरत असेल, अंगणवाडीवाली संस्था चाळणीसाठी त्रिवेंद्रम स्क्रीनिंग चार्ट वापरत असेल, कोणी ऑटिझमच्या चाळणीसाठी एम-चॅट ही प्रश्नावली भरून घेत असेल. चाळणीची चाचणी आणि सविस्तर मूल्यमापन यांचे निकाल एका रकान्यात कधीही टाकू नका. साधनाचं नाव, आवृत्ती, तारीख, कोणत्या भाषेत घेतली, कोणी घेतली आणि मूळ गुण, एवढं लिहा. भाषेचा रकाना आपल्या शहरात फार महत्त्वाचा आहे. घरी भोजपुरी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाची चाचणी मराठीत घेतली आणि 'भाषेत मागे' असं लिहिलं, तर तो निकाल त्या मुलाबद्दल फारसं सांगत नाही.

मग तीन संस्थांची प्रगती एका मापात कशी आणायची? इथे अमेरिकेची एक गोष्ट खरंच घेण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक मुलाकडे तीन बाजूंनी बघतात: इतरांशी नातं आणि भावनिक-सामाजिक कौशल्यं, ज्ञान व कौशल्यं शिकून ती वापरणं, आणि आपल्या गरजा योग्य वागण्यातून भागवणं. कार्यक्रमात येताना आणि बाहेर पडताना, बहुतेक राज्यांत प्रत्येक बाजूला एक ते सात असा आकडा देतात. सात म्हणजे वयाला साजेसं. हा आकडा एका चाचणीवरून ठरत नाही. पालक, शिक्षिका आणि थेरपिस्ट मिळून, निरीक्षणं आणि चाचण्या समोर ठेवून तो ठरवतात. त्यामुळे साधनं वेगळी असली तरी निष्कर्ष शेजारी ठेवता येतो. एक सावधगिरी मात्र हवीच. दोन कार्यकर्त्यांनी त्याच मुलाला वेगवेगळे बसून आकडा द्यायचा आणि मग ताडून बघायचं, असा सराव आधी पुरेसा करा. नाहीतर एका संस्थेचा चार दुसरीच्या सहाइतका असेल आणि 'प्रगती' म्हणून जे दिसेल ते खरं तर माणसं बदलल्याचं दिसेल.

मूल ओळखायचं कशावरून, हेही लगेच ठरवा. आधार क्रमांक चावी म्हणून वापरू नका. तो अनेक लहान मुलांकडे नसतो, आणि असला तरी तो तिघींच्या शीटमध्ये फिरवणं धोक्याचं आहे. वडिलांचा मोबाईल नंबर वर्षभरात बदलतो. स्वतःचा एक साधा, अर्थ नसलेला क्रमांक द्या. जुळवणीसाठी आईचं नाव, मुलाची जन्मतारीख आणि जन्माचं ठिकाण ठेवा. मुलाचं नाव नंतर ठेवलं जातं, घरचं नाव वेगळं असतं, आडनाव कधी लावतात कधी नाही, पण आईचं नाव सगळ्या कागदांवर असतं. यूडीआयडी आणि पोषण ट्रॅकरचे क्रमांक मिळतील तसे वेगळ्या रकान्यांत नोंदवा. नावं युनिकोडमध्ये टाईप करा. जुन्या फॉन्टमधली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की वाचता येत नाही, आणि नावावरून शोधही लागत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच ठेवा. एक्सेलमध्ये ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, या घोळात महिन्याभराचा फरक पडतो, आणि सहा महिन्यांच्या बाळासाठी महिना ही मोठी गोष्ट आहे.

कामाला सुरुवात मीटिंगने करू नका, जुन्या फायलींनी करा. तिघींकडे असलेल्या मुलांच्या वीसेक फायली काढा. प्रत्येक संस्थेच्या एका कार्यकर्तीने त्याच फायलींवरून तोच फॉर्म स्वतंत्रपणे भरायचा. मग शेजारी ठेवून जिथे उत्तरं वेगळी आली तेवढ्याच रकान्यांवर चर्चा करा. प्रत्येक मतभेदातून एक व्याख्या निघेल. पहिल्या वेळी पंचवीस-तीस रकान्यांच्या वर जाऊ नका. व्याख्यांचं पुस्तक दोन-तीन पानांचं, मराठी आणि हिंदीत, आवृत्ती क्रमांकासह ठेवा, आणि ते सांभाळायला एकच व्यक्ती नेमा. बदल वर्षातून दोनदाच. एखाद्या पर्यायाचा अर्थ कधीही बदलायचा नाही, गरज पडली तर नवा पर्याय वाढवायचा. पुस्तकात शेवटी एक रकाना 'सरकारी नोंदीत याला काय म्हणतात' असा ठेवा, म्हणजे पोषण ट्रॅकर, आरबीएसके, यूडीआयडी आणि पुढे शाळेच्या नोंदीशी जुळवणं सोपं जाईल. अंगणवाडी सेविकेला मात्र तुमचा वेगळा फॉर्म भरायला लावू नका. तिच्या फोनमध्ये जे आधीच भरलेलं आहे, ते तिच्याकडून विचारून तुमच्या कार्यकर्तीने उतरवून घ्यावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला, त्यातल्या चाळणी, समावेश आणि रेफरल या पायऱ्या तुमच्या रकान्यांत दिसतील एवढं बघा.

हे सगळं काही महिने साध्या शीटवर नीट चाललं, की सॉफ्टवेअर निवडणं सोपं होईल. तेव्हा विक्रेत्याला फक्त हे विचारा, की आमच्या व्याख्या तशाच ठेवता येतील का, आणि आमची सगळी माहिती आम्हाला हवी तेव्हा साध्या फाईलमध्ये बाहेर काढता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर तिथेच थांबा.

संमतीबद्दल मी कठोर आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा नसता तरी हेच करायला हवं होतं. आईला तिच्या भाषेत सांगा की कोणती माहिती कोणत्या संस्थेला जाणार आहे, आणि नकार दिला तरी थेरपी थांबणार नाही. नावं आणि पत्ते एका फाईलमध्ये, बाकीच्या नोंदी क्रमांकासह दुसऱ्या फाईलमध्ये. व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी किंवा रिपोर्टचे फोटो टाकणं आजपासून बंद करा. देणगीदाराला नावं द्यायचं कारणच नाही. आकडे देतानाही बघा: एका गल्लीत एखाद्या प्रकारचं एकच मूल असेल, तर 'एक' हा आकडाच त्याची ओळख सांगतो. पाचपेक्षा कमी असतील तिथे मोठ्या भागाची बेरीज द्या.

शेवटचं काम एका कागदाचं आहे आणि ते तुम्ही पहिल्या महिन्यातच करू शकता. मुंबईतलं कुटुंब तुमच्या वस्तीत राहीलच असं नाही. खोलीचा करार संपतो, घर पाडलं की संक्रमण शिबिरात जावं लागतं, काही जण पनवेल-कल्याणकडे सरकतात, काही गावी परततात. तुमचं तिघींचं मानक तिथे पोहोचणार नाही. म्हणून त्याच रकान्यांतून एक पानी सारांश छापा आणि दर सहा महिन्यांनी, तसंच कुटुंब वस्ती सोडणार असं कळल्याबरोबर, आईच्या हातात द्या. त्यात जन्माचे आठवडे, झालेल्या आणि न झालेल्या तपासण्या तारखांसह, निदान आणि त्याची स्थिती, सध्या कोणती थेरपी किती वेळा चालू आहे, मूल काय करू शकतं, आणि पुढची तारीख एवढं असू द्या. माता-बाल संरक्षण कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात मावेल अशा आकारात घडी घाला, कारण ते पाकीट बायका जपून ठेवतात. मागच्या बाजूला तिन्ही संस्थांपैकी एकीचाच फोन नंबर द्या, जिथे उचलला जाईल तो.